करणीचे चित्रपट आणि करणीचा आळ

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित तरुण मंडळींत एक नवी हौस बोकाळली आहे. पूर्वेकडील देशांत सुमारें १९७५ ते १९८५ या दहा वर्षांत निघालेले करणीचे व चेटकाचे चित्रपट शोधून काढावयाचे, चार स्नेही जमवून ते रात्रीं पाहावयाचे, आणि पडद्यावर माणसाच्या कातडीखालीं किडे वळवळूं लागले कीं खदखदां हसावयाचें, असा हा कार्यक्रम असतो. हे चित्रपट मध्यंतरीं धूळ खात पडले होते. हाँगकाँगच्या शॉ बंधूंचा संग्रह २००० सालीं सेलेस्टियल नांवाच्या कंपनीनें विकत घेतला व त्यांतील शेंकडों चित्रपट स्वच्छ करून पुन्हां बाजारांत आणले. इंडोनेशियांतील तसल्याच कृति पाश्चात्य हौशी लोकांनीं तबकड्यांवर काढल्या. तेव्हांपासून यांचा भक्तसंप्रदाय वाढत चालला आहे, आणि संप्रदाय म्हटला कीं स्तोत्रें आलींच. या स्तोत्रांचा सूर एकच असतो: काय हा अतिरेक! काय हा वेडेपणा! असें पुन्हां होणें नाहीं!

आम्ही या हौसेविरुद्ध लिहावयास बसलों आहों असें पाहतांच वाचकांची अशी समजूत होईल कीं, आतां अभिरुचीचें सोवळें नेसून उपदेश सुरू होणार. तसें कांहीं नाहीं. एका स्नेह्यांच्या पुण्यांतील घरीं त्यांच्या चिरंजीवांनीं आग्रहानें बसवून घेतल्यामुळें आम्हीं यांतील चार चित्रपट लागोपाठच्या शनिवारीं पाहिले, आणि पुष्कळ ठिकाणीं आम्हींहि मन लावून पाहिले. अतिरेकाचा आम्हांस राग नाहीं. आमचा राग निराळ्याच गोष्टीवर आहे. आणि ती गोष्ट या चित्रपटांची स्तुति करणाऱ्यांच्या ध्यानांत येत नाहीं व निंदा करणाऱ्यांच्याहि येत नाहीं.

प्रथम निंदकांचें पाहूं. हे गृहस्थ म्हणतात, असली ओंगळ दृश्यें सभ्य माणसांनीं पाहूं नयेत. यांना आम्ही एवढेंच विचारतों, कीं आपण मालतीमाधवाचा पांचवा अंक कधीं वाचला आहे काय? त्यांत नायक हातांत नरमांस घेऊन स्मशानांत हिंडतो व पिशाचांना तें घ्या म्हणून हांका मारतो. पिशाचांच्या बायकांनीं माणसांचीं आंतडीं अलंकार म्हणून अंगावर घातलेलीं आहेत. जवळच्या देवळांत अघोरघंट आणि कपालकुंडला मालतीचा बळी देण्याच्या तयारींत आहेत. हें सारें लिहिणारा भवभूति दक्षिणापथांतील पद्मपूरचा, म्हणजे बहुतेक आमच्या विदर्भाकडचाच. आणि त्याला कोणी ओंगळ म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. भरतमुनींनीं आठ रसांत बीभत्साला पाट मांडून दिला तो कांहीं विसराळूपणानें नव्हे. किळस ही माणसाची मोठी प्रामाणिक वृत्ति आहे. शोक खोटा आणतां येतो, हसूं तर रोजच आणावें लागतें. पण पोटांतून उमळून येणारी किळस खोटी आणून दाखवा!

या रसाची जी समृद्धि क्वेइ चिह-हुंग या दिग्दर्शकाच्या १९८३ सालच्या 'बॉक्सर्स ओमेन' या चित्रपटांत आहे ती खरोखर थक्क करणारी आहे. त्याचें मूळ चिनी नांव नुसतें 'मो'. चिनी भाषेंतील हा शब्द बौद्ध भिक्षूंबरोबर आपल्याकडूनच गेला. बुद्धाला बोधिवृक्षाखालीं छळणारा जो 'मार', त्याचेंच तें रूप. कथा अशी, कीं हाँगकाँगचा एक दांडगट मनुष्य आपल्या भावाला मुष्टियुद्धांत पंगू करणाऱ्या थाई मल्लाचा सूड घेण्यासाठीं थायलंडास जातो, आणि तेथें एका विहाराच्या मृत महंताचें व आपलें पूर्वजन्मींचें नातें त्याला कळतें. महंताला एका मांत्रिकानें मारलेलें असतें. मग सूड राहतो बाजूला, आणि या रांगड्या गड्याला मुंडण करून चीवर पांघरावें लागतें. येथवर कथा एखाद्या जातकांत शोभली असती. पुढें जें सुरू होतें त्याला मात्र जातकाची तुलना पुरत नाहीं. वटवाघळें, कोळी, धडावेगळें होऊन उडणारें मुंडकें. मगरीच्या कलेवरांत प्रेत घालून त्यांतून उठविलेली स्त्री. आणि मंत्र सिद्ध व्हावा म्हणून तीन मांत्रिक आळीपाळीनें जें चावतात, ओकतात, व एकानें ओकलेलें दुसरा खातो, तें! आमच्या शेजारीं बसलेल्या एका तरुणाच्या हातांतील चिवड्याची बशी या प्रसंगीं खालीं ठेवली गेली ती पुन्हां उचलली गेली नाहीं. तरीहि या ओंगळपणाला एक शिस्त आहे. कोणता पदार्थ आधीं, कोणता मागाहून, कोणी कोठें बसावयाचें, हें सारें एखाद्या याज्ञिकाच्या काटेकोरपणानें चाललेलें असतें. हसणाऱ्यांना ही शिस्त दिसत नाहीं. ज्यानें हें रचलें तो मनुष्य थट्टा करीत नव्हता.

हो मेंग-ह्वा यांचा १९७५ सालचा 'ब्लॅक मॅजिक' त्या मानानें सौम्य; पण व्यवहाराच्या दृष्टीनें अधिक खोल. त्यांतील कू फेंग या नटानें रंगविलेला मांत्रिक अरण्यांत राहतो, आणि शहरांतले सभ्य लोक मोटारींत बसून त्याच्याकडे जातात. वशीकरणाचा भाव ठरलेला, साहित्य ठरलेलें, मुदतहि ठरलेली. एका श्रीमंत विधवेवर डोळा ठेवणारा लंपट तिच्यासाठीं वशीकरण विकत घेतो. ती विधवा एका नवऱ्या मुलावर भाळून त्याच्यासाठीं विकत घेते. चेटूक म्हणजे दुकान आणि लोभ म्हणजे गिऱ्हाईक, हें इतक्या उघडपणें सांगणारा चित्रपट निदान आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. येथवर आम्ही या संप्रदायाच्या भक्तांबरोबर आहों.

परंतु आतां एक साधा प्रश्न विचारूं. या सर्व कथांत करणी करणारा कोण असतो?

तो नेहमीं दुसऱ्या गांवचा असतो. हाँगकाँगच्या चित्रपटांत करणीला 'गोंगताउ' म्हणतात, आणि ही गोंगताउ हाँगकाँगची कधींच नसते. ती मलायांत असते, नाहीं तर थायलंडांत असते. शहरांतला चिनी तरुण विमानांतून किंवा मोटारींतून दक्षिणेस उतरला कीं किडे सुरू. बरें, या मलायी लोकांचें म्हणणें काय? त्यांच्या मतें खरी जबर करणी सयामी लोकांची. सयामी लोक खमेरांच्या मंत्रांना भितात. आणि आपण या साखळीबाहेर आहों असें कोणीं समजूं नये. आमच्या लहानपणीं बंगाली जादू आणि कामरू देशाची विद्या हे शब्द घरोघर ऐकूं येत. घाटावरचे लोक कोंकणाकडे बोट दाखवीत, कोंकणांतले मलबाराकडे. हें बोट फिरत फिरत पृथ्वीप्रदक्षिणा करतें, पण तें धरणाऱ्याच्या स्वतःच्या छातीकडे कांहीं कधीं वळत नाहीं.

न्यायानें सांगितलें पाहिजे, कीं 'बॉक्सर्स ओमेन' मध्यें दुष्ट मांत्रिक जसा थाई आहे तसाच तारक महंतहि थाईच आहे. पण हा अपवाद. शॉ बंधूंच्या बाबतींत तर याला एक कडवट बाजू आहे. या घराण्याचा पाया सिंगापूर व मलायांतील चित्रगृहांवर रचला गेला. सिंगापुरास त्यांचा मलायी चित्रपटांचा कारखाना होता, आणि तेथें आमच्या हिंदुस्थानांतून गेलेले एल्. कृष्णन्, फणी मजुमदार यांच्यासारखे दिग्दर्शक मलायी लोकांसाठीं मलायी भाषेंत चित्रपट काढीत. याच कारखान्यांत पी. रामली या थोर कलावंतानें १९५८ सालीं 'सुंपा ओरांग मिन्याक' काढला. 'ओरांग मिन्याक' म्हणजे अंगाला काळें तेल फासून स्त्रियांवर झडप घालणारा लोककथेंतला पिशाच. रामलीच्या कथेंत हा पिशाच मूळचा एक कुबडा कारागीर आहे. सारें गांव त्याला हिडीसफिडीस करतें, त्या दुःखांतून तो रूपाचें वरदान मागतो, आणि पुढें गर्वापायीं त्याचा नाश होतो. पिशाच कोठून येतो, याचें उत्तर रामलीनें गांवाच्या तोंडावर दिलें आहे. कारखाना १९६७ त बंद पडला. १९७६ सालीं त्याच शॉ बंधूंनीं हाच पिशाच हाँगकाँगच्या चित्रपटांत पुन्हां उभा केला, तेव्हां त्यांतून तें गांव नाहींसें झालें आणि तेलाचा राक्षस तेवढा उरला. हसणाऱ्यांच्या बैठकींत हा दुसरा चित्रपट दाखवितात. रामलीचें नांवहि तेथें कोणी काढीत नाहीं.

करणी करणारी व्यक्ति परगांवची नसली तर ती एकटी बाई असते. आमच्या लेखाचा खरा विषय हाच आहे.

बाली बेटांत 'रांगडा' नांवाची एक भयंकर देवता आहे. लोंबते स्तन, सुळे, बाहेर आलेली जीभ, असें तिचें ध्यान. चेटक्यांची, म्हणजे 'लेयाक' लोकांची ती राणी. हा शब्द ऐकून मराठी वाचक दचकला तर तें योग्यच होईल. कारण त्याचा अर्थ 'विधवा' असा असून ज्या संस्कृत शब्दावरून तो निघाला त्यावरूनच आपल्याकडे विधवांना ऐकावी लागणारी ती शिवी निघाली आहे. रांगडेची कथा जावाच्या ऐर्लंग राजाच्या काळची, म्हणजे अकराव्या शतकांतली म्हणून सांगतात. गिराह गांवीं चालोन आरांग नांवाची एक विधवा राहत होती. तिची मुलगी उपवर झाली. पण आई चेटकीण आहे या भीतीनें तिला कोणी मागणी घालीना. तेव्हां त्या बाईनें संतापून देशावर रोगराई सोडली, आणि शेवटीं भराड नांवाच्या मुनीनें तिला जिंकलें. वाचकांनीं येथें क्रम नीट पाहावा. आळ आधीं आला, रोगराई मागाहून. ज्यानें कोणीं ही कथा प्रथम सांगितली त्याला हें ठाऊक होतें. बालीच्या लोकांनींहि रांगडेला नुसतें हांकून दिलेलें नाहीं. तिचा मुखवटा देवळांत ठेवतात, त्याची पूजा करतात, आणि बारोंगाशीं तिचें जें युद्ध नाचून दाखवितात त्यांत तिचा कायमचा नाश कधींच होत नाहीं.

आतां १९८१ सालचा 'मिस्टिक्स इन बाली' पाहा. एक गोरी बाई लेयाकांची विद्या शिकण्यास बालीस येते, एक म्हातारी चेटकीण तिची गुरु होते, आणि थोड्याच दिवसांत त्या गोऱ्या बाईचें मुंडकें आंतड्यांसकट धडापासून सुटून रात्रीं उडूं लागतें व गर्भिणींवर झडप घालतें. हें दृश्य या संप्रदायाचें परमदैवत होय. आमच्या बैठकींत तें तीनदां उलटसुलट दाखविण्यांत आलें. मुंडकें दोरीला टांगलेलें दिसतें, याची हसून हसून पुरेवाट! हें उडतें मुंडकें एकट्या बालीचें नव्हे. मलायांत त्याला 'पेनांगलान', थायलंडांत 'क्रासुए' म्हणतात. आणि सर्वत्र तें बाळंतिणीच्या खोलीभोंवतींच घिरट्या घालतें. मलायांतील 'पोंतियानाक' ही बाळंतपणांत मेलेली स्त्री. आपल्याकडील अळवंत हीहि तीच. आमच्याकडे रामसे बंधूंनीं 'पुराना मंदिर' (१९८४) काढला, त्यांतला शापहि घराण्यांतल्या बायका बाळंतपणांत मरतील असाच आहे. ज्या देशांत सुईणीपलीकडे मदत नव्हती, जेथें दर चार घरांमागें एका घरांत बाळंतीण नाहीं तर मूल दगावत असे, तेथल्या लोकांनीं आपल्या दुःखाला दिलेलें हें रूप आहे. तें मुंडकें दोरीला टांगलेलें असेल. तें पाहून पहिल्यानें ज्या बाया किंचाळल्या त्यांनीं दोरी पाहिली नव्हती, आपल्या घरांतला पाळणा पाहिला होता. आणि दुःखाला रूप आलें कीं त्याला नांव लागतें. तें नांव बहुधा शेजारच्या म्हातारीचें असतें.

याच वर्षीं, १९८१ मध्यें, लिलिक सुजिओ यांनीं 'रातु इल्मु हितम', म्हणजे कृष्णविद्येची राणी, हा चित्रपट काढला. इंडोनेशियाची प्रख्यात नटी सुझाना हिनें त्यांत मुर्नीचें काम केलें आहे. मुर्नीला फसवून सोडून देणारा पुरुष गांवच्या मुखियाच्या मुलीशीं लग्न लावतो. लग्नांत नवरीला भयंकर दृश्यें दिसूं लागतात. लगेच ठरतें कीं ही मुर्नीची करणी. जमाव मशाली घेऊन येतो, तिचें घर जाळतो, आणि तिला कड्यावरून खालीं लोटतो. एक म्हातारा मांत्रिक तिला वांचवितो व विद्या शिकवितो. आणि मग ती परत येते. पुढें माणसांच्या शिरा फुगून फुटतात, तिला फसविणारा स्वतःच्या हातांनीं स्वतःचें मुंडकें उपटतो, वगैरे जें होतें त्यावर भक्तांनीं पुष्कळ लिहिलें आहे. मशालींविषयीं त्यांनीं एक अवाक्षर लिहिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

आमच्या बैठकींत हा चित्रपट चालला असतां स्नेह्यांच्या घरीं स्वयंपाकाला असणाऱ्या बाई चहाचे पेले नेण्यास आल्या व दारांत उभ्या राहिल्या. खालचीं इंग्रजी अक्षरें त्यांना वाचतां येत नव्हतीं. घर पेटलें तेव्हां त्यांनीं हळूच विचारलें, "हिनं केलं होतं का खरंच? का लोक नुसतं म्हणतात?" मंडळी हसत होती. चिरंजीव म्हणाले, "अहो मावशी, सिनेमा आहे हा!" बाई पेले घेऊन गेल्या. त्या घरीं चार शनिवारांत या चित्रपटांविषयीं जेवढें बोलणें झालें त्यांत टीका म्हणावी असा प्रश्न हा एकच होता, आणि त्याला उत्तर कोणीं दिलें नाहीं. आम्हींहि दिलें नाहीं, हें येथें कबूल करणें भाग आहे.

कोणी म्हणेल, हा सारा जुना इतिहास झाला. १९९८ हें वर्ष जुनें नव्हे. त्या वर्षीं पूर्व जावांत, बान्युवांगीच्या आसपास, करणी करणारे म्हणून ठरविलेल्या शंभरांहून अधिक माणसांना जमावांनीं व टोळ्यांनीं ठार केलें. त्यामागें राजकारण किती व अंधविश्वास किती, याची चर्चा पुष्कळ झाली. मारण्याचें निमित्त मात्र करणीचा आळ हेंच होतें. आणि इतकें दूर कशाला जावयाचें? आमच्या नंदुरबारकडील सातपुड्यांत बाईला 'डाकीण' ठरविण्याची चाल आहे. मूल आजारी पडलें, बैल मेला, कीं नांव निघतें. नांव निघालें कीं मारहाण, नाहीं तर गांवाबाहेर. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीं ज्या कायद्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली तो २०१३ सालीं त्यांचा पुण्यांत खून झाल्यावर झाला. त्या कायद्याचें परिशिष्ट आमच्या रसिकांनीं एकदां वाचावें. भोंदू बाबांच्या लीलांबरोबरच, अमुक व्यक्ति करणी करते, मंत्रानें गुरांचें दूध आटविते, असें म्हणून तिच्याविषयीं संशय पसरविणें हाहि त्यांत गुन्हा सांगितला आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना जें कळलें, कीं विष मंत्रांत नसून बोट दाखविण्यांत आहे, तें चित्रपटाच्या मर्मज्ञांना कळूं नये!

आमच्यावर असा आक्षेप येईल कीं, चित्रपट पाहून कोणी बाईला मारावयास जात नाहीं. बरोबर आहे. या चित्रपटांनीं बान्युवांगीचीं माणसें मारलीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण हे चित्रपट ज्या प्रेक्षकांसाठीं निघाले ते त्यांना हसत नव्हते. सुहार्तोंच्या राजवटींत निघालेल्या या भुताखेतांच्या कथांत शेवटच्या पांच मिनिटांत कोणी धर्मगुरु किंवा सत्पुरुष येऊन सारें शांत करतो, अशी रीतच पडून गेली होती. परिनिरीक्षकांना त्यामुळें वाटे, नीति राखली. आम्ही म्हणतों, नीति तेथेंच बुडाली. कारण त्या पांच मिनिटांनीं प्रेक्षकांस असें सांगितलें कीं, चेटकीण खरीच होती, फक्त तिच्यावर तोडगाहि होता. किड्यांनीं आणि ओकाऱ्यांनीं कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. या शांत, सोज्वळ, प्रार्थनेच्या शेवटानेंच बिघडविलें. मुर्नीसुद्धां शेवटीं मरते, आणि मशाली घेऊन आलेल्या गांवाला कोणी न्यायासनापुढें उभें करीत नाहीं.

हसणाऱ्यांचें हसूं या शेवटापेक्षां निराळें नाहीं, असें आमचें म्हणणें आहे. तें हसूं म्हणतें, पाहा हे पूर्वेकडचे लोक कसे वेडे! म्हणजे पुन्हां बोट दुसऱ्या गांवाकडेच. पाश्चात्यांनीं तसें हसावें हें समजतें. त्यांना मुंबई, बांडुंग आणि बँकॉक सारखींच. पण पुण्याच्या माणसानें, ज्याच्या आजीनें दृष्ट काढली आहे, ज्याच्या गाडीपुढें अजून लिंबूमिरची लोंबते, त्यानें त्यांचें हसूं उसनें आणावें याची आम्हांस लाज वाटते.

यावर हे चित्रपट बंद करावे असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. ते दाखवावे, अधिक दाखवावे. किड्यांवर कात्री चालवूं नये. मलायी 'पोंतियानाक' (१९५७) हा बी. एन्. राव या आमच्याच देशाच्या माणसानें काढलेला चित्रपट आज नष्ट झाला असें मानतात, ही मोठी हानि आहे. पण जो कोणी यांवर लिहील त्यानें अतिरेकांची यादी देण्यापूर्वीं एवढें सांगावें, कीं या कथेंत आळ कोणावर आला, कोणीं घातला, आणि त्या व्यक्तीपाशीं घर, जमीन, नवरा, भाऊ यांपैकीं काय होतें. 'रातु इल्मु हितम' २०१९ सालीं नव्यानें निघाला आहे; त्याच्या परीक्षणांपासूनच हा प्रारंभ करतां येईल. आमच्या स्नेह्यांच्या चिरंजीवांनीं पुढच्या शनिवारीं जुना 'रातु' पुन्हां लावण्याचें कबूल केलें आहे. या खेपेस स्वयंपाकाच्या बाईंना खुर्ची देऊन बसवावयाचें, आणि खालचीं अक्षरें आम्हीं मराठींत मोठ्यानें वाचावयाचीं, असें ठरलें आहे.